नदीत एकही खांब नको: हावडा पुलाचं प्रकरण

कोलकात्याचा हावडा पूल फोटोत नेहमी दिमाखदार दिसतो, आणि त्यामुळे हा आकार कुणीतरी सौंदर्यासाठी निवडला असावा असं वाटतं. तसं नाही. हुगळीच्या पात्रात काहीही उभं करायचं नाही, ही अट आधी ठरली. दोन मनोरे, त्यांच्यातलं १५०० फुटांचं अंतर, मनोऱ्यांखालच्या पायाच्या महाकाय विहिरी, खाली लटकलेला रस्ता, आणि आज दुरुस्ती खात्याला सतावणारे लटक्यांचे (रस्ता टांगणाऱ्या उभ्या दांड्यांचे) सांधे, हे सगळं त्या एका अटीतून आलं आहे. म्हणून हे प्रकरण त्या अटीपासूनच समजून घ्यावं लागतं.

आधीचा पूल: तरंगता

ईस्ट इंडियन रेल्वेचे मुख्य अभियंता जॉर्ज टर्नबुल यांनी १८६२ मध्येच हुगळीवर पूल शक्य आहे का याचा अहवाल दिला होता. कलकत्त्यापाशी गाळ फार खोल आहे, पाया खर्चिक होईल आणि जहाजांना अडथळा होईल, असं त्यांचं मत पडलं. शहरापासून साधारण डझनभर मैल उत्तरेला पुल्ता घाटापाशी घट्ट चिकणमाती फारशी खोल नाही, तिथे ४०० फुटांचे पाच आणि २०० फुटांचे दोन गाळे (दोन आधारांमधले टप्पे) टाकावेत, असं त्यांनी सुचवलं. तो पूल झाला नाही. पण गाळ आणि जहाजं या दोन गोष्टींनी पुढची ऐंशी वर्षं हा प्रश्न अडवून धरला.

१८७१ मध्ये हावडा पुलाचा कायदा झाला आणि अभियंता ब्रॅडफर्ड लेस्ली यांच्याकडे काम गेलं. त्यांनी पायाचा प्रश्न सोडवण्याऐवजी टाळला आणि पूल पाण्यावर तरंगता ठेवला. सुटे भाग इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणले आणि इथे जोडले. काम चालू असतानाच, २० मार्च १८७४ रोजी, ‘इजेरिया’ नावाचं जहाज येऊन धडकलं. पूल पेलणारे तीन तराफे बुडाले आणि २०० फुटांचा भाग गेला. तरीही १७ ऑक्टोबर १८७४ ला पूल सुरू झाला. लांबी १५२८ फूट, रुंदी ६२ फूट, दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचे पदपथ.

जहाजं जाण्यासाठी मधला २०० फुटांचा तुकडा बाजूला काढावा लागे. तो उघडला की दोन्ही काठांवर गाड्यांची रांग लागे. १९०६ पर्यंत हे फक्त दिवसा चाले, म्हणजे नेमक्या गर्दीच्या वेळी. रात्री उघडणं सुरू झाल्यावर थोडा दिलासा मिळाला.

दुसरी अडचण भरतीची. हुगळी इथे समुद्राच्या तालावर चढते-उतरते, आणि मोठ्या उधाणाला पाण्याची भिंत उलटी वर सरकत येते. बंगालीत तिला ‘बान’ म्हणतात. तराफे पाण्याबरोबर वर-खाली होतात, काठ होत नाही. त्यामुळे काठाकडच्या उतरंडीचा चढ दिवसातून कैक वेळा बदलायचा. ऑगस्ट १९०६ मधल्या मोजणीत सर्वांत गर्दीच्या दिवशी वाहनांपैकी तेरात आठ बैलगाड्या होत्या. भरलेली बैलगाडी चढावर थांबली की मागचं सगळं थांबतं. पूल रुंद करून यावर इलाज होत नाही.

खांब का नको

१९०६ पासून समित्या बसत गेल्या. मधे पहिलं महायुद्ध आलं. १९२१ मध्ये उद्योगपती राजेंद्रनाथ मुखर्जी, बंदराचे अध्यक्ष क्लेमेंट हिंडली आणि मुख्य अभियंता मॅकग्लाशन यांची समिती झाली. तिने ब्रिटिश अभियंते बॅसिल मॉट यांचा सल्ला घेतला आणि मॉट यांनी एकाच गाळ्याची कमान सुचवली. १९२६ मध्ये नव्या पुलाचा कायदा झाला. १९३० मध्ये गूड समितीला पुन्हा विचारलं गेलं: खांबांचा पूल चालेल का?

हा प्रश्न परत परत का येत होता हे उघड आहे. खांबांचा पूल स्वस्त पडतो. दोनशे-तीनशे फुटांचे गाळे टाकले असते, तर साध्या तुळयांवर भागलं असतं. पण गाळाच्या, भरती-ओहोटीच्या नदीत खांब दोन कामं करतो. प्रवाह त्याला वळसा घालताना वेगावतो आणि खांबाच्या बुडाशी तळ खरवडून खड्डा करतो. खांबाच्या मागे वेग मंदावतो आणि तिथे गाळ बसतो. नदी एकाच दिशेने वाहत असेल तर गाळ कुठे बसेल याचा अंदाज बांधता येतो. हुगळीत प्रवाह दिवसातून चार वेळा दिशा बदलतो, म्हणजे खांबाच्या दोन्ही अंगांना आलटून पालटून खरवड आणि साठवण. बंदर वाचवायचं तर नदीची खोली टिकली पाहिजे, आणि कलकत्ता बंदराचं पोट त्या खोलीवर होतं. पूल बंदराच्याच ताब्यात राहणार होता. आजही त्याची देखभाल बंदराकडेच आहे. त्यांनी खांबाला नकार दिला यात नवल नाही.

म्हणून १५०० फुटांचा एकच गाळा. त्या काळी एवढ्या गाळ्यासाठी तीन मार्ग होते. कमान दोन्ही काठांना बाहेरच्या दिशेने रेटते. झुलता पूल काठावरच्या नांगरांना (जमिनीत घट्ट बसवलेल्या आधारांना) आतल्या दिशेने ओढतो. दोन्हींत आडवं बळ येतं, आणि मऊ गाळाच्या काठावर ते पेलणं अवघड आणि महाग. तिसरा मार्ग कॅन्टिलिव्हरचा: दोन मनोऱ्यांवरून दोन्हीकडे बाहू पसरायचे, मधल्या टोकांवर एक तुळई ठेवायची. यात जमिनीवर येतो तो जवळजवळ सगळा उभा भार. मनोऱ्याखाली दाब, मागच्या नांगराशी ओढ. रुळांवरच्या ट्रामसाठी लागणारा ताठपणाही झुलत्या पुलापेक्षा यात जास्त. आराखडा रेंडेल, पामर आणि ट्रिटन या सल्लागारांचा. त्यांच्याकडे आधी झुलत्या पुलाचाही विचार झाला होता. पूल झाला तेव्हा कॅनडातला क्विबेक आणि स्कॉटलंडमधला फोर्थ हे दोनच कॅन्टिलिव्हर पूल त्याहून मोठ्या गाळ्याचे होते.

मापं आणि त्यांचा अर्थ

गाळ्याची वाटणी अशी: मनोऱ्यापासून नदीवर ४६८ फुटांचा बाहू, मधे ५६४ फुटांची टेकवलेली तुळई, पलीकडे पुन्हा ४६८. बेरीज १५००. मागे, काठाकडे, प्रत्येकी ३२५ फुटांचा नांगर-बाहू. मनोरे २८० फूट उंच.

४६८ आणि ३२५ यांची तुलना करा. पुढचा बाहू मागच्याच्या जवळजवळ दीडपट, शिवाय त्याच्या टोकावर अर्ध्या तुळईचं ओझं. म्हणजे मागचं टोक जमिनीतून वर उपटायला बघणार. मधल्या तुळईचा प्रत्येक अर्धा भाग सुमारे २००० टनांचा होता. पूल पूर्ण झाल्यावर प्रत्येक बाहूच्या टोकावर २००० टन येतात. ४६८ ला ३२५ ने भागून गुणलं, तर केवळ त्यापायी नांगरावर सुमारे २८८० टनांची ओढ निघते. बाहूंचं स्वतःचं वजन आणि वाहनं वेगळी. हा ढोबळ हिशेब आहे, पण नांगराच्या विहिरी कशासाठी आहेत ते त्यातून कळतं. काठावरच्या त्या विहिरी १६.४ बाय ८.२ मीटरच्या आहेत आणि त्यांचं मुख्य काम जड असणं हेच.

एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. मनोऱ्यांच्या मागचा रस्ता नांगर-बाहूला लटकवलेला नाही, तो जमिनीवरून टेकू देऊन उचललेला आहे. त्यामुळे मागच्या बाहूवर वाहनांचा भार येत-जात नाही आणि तिथला हिशेब स्थिर राहतो.

विहिरी

खरं जोखमीचं काम जमिनीखाली झालं. प्रत्येक मुख्य मनोऱ्याखाली एकच अखंड विहीर: ५५.३१ मीटर लांब, २४.८ मीटर रुंद. तिच्या पोटात २१ चौकोनी कूपक (उभ्या पोकळ्या), प्रत्येक ६.२५ मीटर बाजूचा. गुणाकार केला तर साठ टक्के क्षेत्र पोकळ आहे. या पोकळीतूनच खालची माती उपसायची, विहीर स्वतःच्या वजनाने खाली बसायची, वर आणखी काँक्रीट चढवायचं.

विहीर उतरवणाऱ्याला ती खाली जाण्यापेक्षा तिरकी जाण्याची भीती जास्त असते. बाहेरच्या भिंतींना माती धरून ठेवते. इथे हे घर्षण चौरस मीटरला साधारण २९ किलोन्यूटन (सुमारे तीन टन) धरलं होतं. १६० मीटर परीघ आणि २६ मीटर खोली धरली, तर भिंतींना लागलेली पकड बारा हजार टनांच्या घरात जाते. खालच्या धारेवर घट्ट मातीत मीटरला १०० टनांपर्यंत भार येत होता. एका बाजूला माती मऊ लागली की ती बाजू आधी खचते, आणि एवढं धूड एकदा कललं की सरळ करणं जवळपास अशक्य.

त्यावरचा उपाय साधा पण शिस्तीचा होता. मऊ थर लागला की अक्षाच्या दोन्ही बाजूंचे सममितीतले काही कूपक उपसायचेच नाहीत. तिथली माती टेकू म्हणून ठेवायची. उलट फार ताठ चिकणमाती लागली की आतल्या बऱ्याच कूपकांखालची माती पूर्ण काढून टाकायची, म्हणजे सगळं वजन बाहेरच्या भिंतीच्या धारेवर आणि घर्षणावर येतं आणि विहीर हलते. काम रात्रंदिवस चाले. दिवसाला फूटभर किंवा थोडं जास्त. शेवटी विहिरी ठरलेल्या जागेपासून ५० ते ७५ मिलिमीटरच्या आत बसल्या. पंचावन्न मीटर लांबीच्या वस्तूसाठी ही अचूकता आजही चांगली म्हणावी लागेल.

दोन्ही काठ सारखे निघाले नाहीत. कलकत्त्याच्या बाजूला उघड्या उपशाने भागलं. हावड्याच्या बाजूला वाहती वाळू लागली: जितकी काढाल तितकी खालून परत आत येते, आणि आजूबाजूची जमीन खचते. तिथे कूपक बंद करून दाबाखालची हवा भरावी लागली. चौरस इंचाला ४० पौंड दाब, म्हणजे सुमारे २८ मीटर पाण्याच्या स्तंभाइतका. पायाची खोली बघता हा आकडा साधारण जुळतो. पाणी ज्या जोराने आत येऊ बघतं तेवढ्याच जोराने हवा त्याला थोपवते. या कामावर सुमारे ५०० माणसं होती. अशा दाबातून माणसाला झटकन बाहेर काढलं तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि सांधे आखडतात, प्रसंगी जीव जातो. म्हणून हवेच्या कामात आत जाण्यापेक्षा बाहेर यायला जास्त वेळ द्यावा लागतो.

एका रात्री गाळ काढताना खालची जमीन एकदम सुटली आणि अख्खी विहीर दोन फूट खाली कोसळली. कोलकात्यातल्याच खिदिरपूरच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली आणि काठावरचं एक देऊळ पडलं. ते नंतर बांधून दिलं. विहीर बराच वेळ घर्षणावर अडकून राहिली आणि खाली पोकळी वाढत गेली, की असंच होतं. उपशातून जहाजांचे नांगर, तोफा, तोफगोळे, पितळी भांडी आणि कंपनी सरकारची नाणीही निघाली.

पिवळ्या ताठ चिकणमातीत २.१ मीटर घुसल्यावर उतरवणं थांबवलं. मग एकेक कूपक स्वतंत्रपणे कोरडा करून तळाला काँक्रीटचं बूच बसवलं. शेजारच्या कूपकांत तेवढ्या वेळात सुमारे पाच मीटर भराव ठेवला होता, म्हणजे तळ खालून फुगून वर येऊ नये. कलकत्त्याचा पाया जमिनीखाली ३१.४१ मीटरवर, हावड्याचा २६.५३ मीटरवर. नोव्हेंबर १९३८ मध्ये हे काम संपलं.

उभारणी

पोलाद सुमारे २६,५०० टन. इंग्लंडमधून येणारा माल युद्धामुळे आटला, आणि २३,००० टन टाटांनी पुरवलं. जास्त ताणशक्तीचं हे पोलाद ‘टिस्क्रोम’ नावाने ओळखलं जातं. भाग घडवण्याचं आणि उभारण्याचं काम ब्रेथवेट, बर्न आणि जेसप यांच्या संयुक्त कंपनीचं. सगळ्यांत कमी दराची निविदा एका जर्मन कंपनीची होती. १९३५ चं राजकारण बघता ती मागे पडली.

कॅन्टिलिव्हरचा मोठा फायदा उभारताना दिसतो: नदीत परांची बांधावी लागत नाही. आधी नांगर-बाहू, मग मनोऱ्यावरून पुढे, वरच्या पट्टीवर सरकत जाणाऱ्या क्रेनने पुढचा भाग उचलायचा, जोडायचा आणि क्रेन त्यावर पुढे न्यायची. १९४० च्या अखेरीस नदीवरचे बाहू सुरू झाले आणि १९४१ च्या मध्यावर पूर्ण झाले. उरली मधली ५६४ फुटांची तुळई.

क्विबेकला ही तुळई बाजूला घडवून, तराफ्यावर आणून वर उचलली होती. १९१६ मध्ये उचलतानाच ती नदीत पडली. बंद न करता येणारी जलवाहतूक आणि ‘बान’ असलेल्या हुगळीत तो मार्ग बरा नव्हता. इथे दोन्ही अर्धे भाग, प्रत्येकी २८२ फुटांचे, बाहूंच्या टोकांवरून तसेच हवेत पुढे वाढवत नेले. डिसेंबर १९४१ मध्ये ते तयार झाले.

याची किंमत मोजावी लागते. अर्धा भाग अजून एकटा लटकत असताना त्याचं वजन बाहूच्या टोकावर नसतं, त्याहून १४१ फूट पुढे, म्हणजे मनोऱ्यापासून ६०९ फुटांवर असतं. त्यामुळे नांगरावरची त्याची ओढ २८८० ऐवजी सुमारे ३७५० टन होते, तीस टक्के जास्त. वर क्रेनचं वजन. पूल वापरात असताना येणार नाही असा ताण उभारणीत येतो, आणि सांगाड्याचे काही भाग दाबाऐवजी ताणात किंवा ताणाऐवजी दाबात काम करतात. आराखड्यात हा टप्पा वेगळा तपासला नाही तर पूल पूर्ण व्हायच्या आधीच जातो.

दोन अर्धे भाग समोरासमोर आल्यावर प्रत्येकी ८०० टनांच्या सोळा हायड्रॉलिक जॅकनी ते एकमेकांना भिडवले. जोड बसल्यावर जॅक हळूहळू सैल केले जातात आणि दोन लटकते अर्धे भाग एक सलग तुळई होऊन दोन्ही टोकांवर टेकतात. तापमानामुळे हे काम वेळेवर अवलंबून असतं. तीस अंशांच्या फरकाने ४५७ मीटर पोलाद सोळा सेंटीमीटर वाढतं किंवा आकसतं. एका बाजूला ऊन आणि दुसरीला सावली असेल तर टोकं आडवीही सरकतात.

३ फेब्रुवारी १९४३ ला पूल सुरू झाला, समारंभाविना. जपानी विमानांची भीती होती. पहिलं वाहन म्हणून एक ट्राम गेली.

लटकता रस्ता

७१ फुटांचा रस्ता आणि दोन्हीकडे १५ फुटांचे पदपथ, हे सगळं मुख्य सांगाड्याच्या खालच्या पट्टीपासून ३९ जोड्या लटक्यांवर टांगलेलं आहे. लटक्यांच्या जोडीमध्ये पिनने अडकवलेली आडवी तुळई, त्यांच्यावर लांबीच्या दिशेने सहा ओळी तुळया, त्यावर पुन्हा आडव्या कड्या, त्यावर दाबून घडवलेले पन्हळी पत्रे आणि काँक्रीट. दोन्ही टोकांपासून चढ चाळीसात एक. बैलगाडी अजून हिशेबात होती.

‘या पुलात एकही नट-बोल्ट नाही’ हे वाक्य अभिमानाने सांगितलं जातं. मुख्य सांगाडा रिव्हेटचा (ठोकून कायमच्या बसवलेल्या खिळ्यांचा) आहे हे खरं. पण नदीवरचा सगळा रस्ता पिनांवर लटकला आहे, आणि अभियंत्याचं लक्ष रिव्हेटपेक्षा त्या पिनांकडे असतं. मधली तुळई आणि बाहू यांच्या सांध्यांवर दोन मोठे प्रसरण-सांधे आहेत, मनोऱ्यांपाशी आणि काठांशी आणखी. वाऱ्याने रस्ता आडवा डुलतो, म्हणून उभ्या पिनांचे आठ सांधे: प्रत्येक बाहूत तीन आणि मधल्या भागात दोन. या सांध्यांत धूळ आणि डांबर दाटून बसलं की ते हलायचे थांबतात, आणि हालचालीसाठी न घडवलेल्या भागांवर ताण जातो. पुन्हा पुन्हा डांबर चढवण्यातही हाच धोका; प्रत्येक थर हा कायमचा भार होतो.

आजार

१९९३ मध्ये ट्राम बंद झाली. तोवर रस्त्यावरची वाहनं मूळ कल्पनेच्या पलीकडे गेली होती. १९९२ मध्ये दक्षिणेला विद्यासागर सेतू उघडला (तोही नदीत खांब नसलेला, गाळाही ४५७ मीटरचाच, पण तारांचा) आणि काही भार तिकडे वळला. हावड्याचं स्टेशन मात्र जिथे होतं तिथेच आहे, त्यामुळे पायी गर्दी या पुलाला सुटत नाही. मार्च २०२४ पासून नदीखालून मेट्रो धावते. पायी गर्दीवर खरा परिणाम तिचाच होण्याजोगा आहे.

पूल उघडत नाही आणि खाली जागा ८.८ मीटर. समुद्री जहाजांची गोदी पुलाच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला असल्याने हे चाललं. २४ जून २००५ रोजी मात्र भरतीच्या वेळी खालून जाणाऱ्या एका मालवाहू जहाजाचं धुराडं अडकलं आणि तीन तास अडकून राहिलं. लांबीच्या तुळया वाकल्या, काही आडव्या तुळया तुटल्या, देखभालीच्या ट्रॉलीच्या सातशे मीटर रुळांपैकी साडेतीनशे निकामी झाले. भरती चढत असताना अडकलेली बोट जॅकचं काम करते, आणि लटकलेला रस्ता खालून वर ढकलला जाण्यासाठी केलेलाच नसतो. पिन ताणासाठी आहेत.

सर्वांत चिवट दुखणं पदपथावर आहे. लटके जिथे रस्त्याला मिळतात तिथे सांध्यात पाणी उतरू नये म्हणून बुडाशी पोलादी आवरणं असतात. ती नेमकी पादचाऱ्याच्या पायाशी, म्हणून पान-गुटख्याची पिंक तिथेच पडते. तो ओला लेप रंगाचा थर उचलतो, ओल धरून ठेवतो, त्यावर धूळ बसते आणि आतला पत्रा खाल्ला जातो. २००७ मध्ये सहा मिलिमीटर असलेली आवरणं २०११ च्या तपासणीत तीन मिलिमीटरच्या खाली आली होती. मग बंदराने त्यांच्यावर फायबरग्लासचे कोष चढवले. फायबरग्लास गंजत नाही आणि धुता येतो; पण आत काय चाललंय ते झाकून टाकतो. कोष आणि लटका यांच्या फटीत एकदा पाणी गेलं तर बाहेरून सगळं ठीक दिसतं. त्यामुळे कोष बसवल्यानंतर ते ठराविक काळाने काढून पत्र्याची जाडी मोजणं हे काम वाढलं, कमी झालं नाही.

पक्ष्यांची विष्ठा हा दुसरा गंजकारक. ती वरच्या जोडांच्या कोनाड्यांत साठते, जिथे पावसाचं पाणीही धुऊन नेत नाही. रंग देण्याआधी हे कोनाडे खरवडणं, झिंक क्रोमेटचा प्राथमिक थर, मग अॅल्युमिनियम रंगाचे दोन हात, असा क्रम २००४ च्या रंगकामात होता. लागला तो २६,५०० लिटर रंग. कोनाडे नीट न खरवडता वर रंग मारला, तर रंगाखाली गंज चालूच राहतो आणि तो पुढच्या रंगकामापर्यंत कळत नाही.